सुभेदारांचा राग

सुभेदार चिडलेले नाहीत असा दिवस आठवायचा म्हटला, तर मला फक्त शनिवार आठवतात. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी त्यांच्या घरात चूल पेटत नसे, कसलं काम होत नसे, आणि या दोन नियमांना त्यांनी आपल्या पदरचा तिसरा जोडला होता: शनिवारी ओरडायचं नाही. सकाळी धुतलेला पांढरा लेंगा आणि बंद गळ्याचा कोट घालून ते ओटीवरच्या खुर्चीत ताठ बसत. समोरून गावच्या शेटची मोटार भोंगा वाजवत, धुरळा उडवत गेली तरी तोंड मिटलेलं. फक्त गालावरची शीर तेवढी उडायची. संध्याकाळी आभाळात चांदण्या उगवल्या की त्यांचा शनिवार संपे, आणि मग दिवसभर दाबून धरलेलं सगळं बाहेर पडे. "तो भोंगा! सकाळचा! रस्ता काय याच्या बापानं बांधलाय?" शेट तोवर मोटारीसकट घरी जाऊन जेवायला बसलेला असे.

मी रेवदंड्याच्या मराठी शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम ओसरून एकदोन वर्षं झाली होती. एकट्या तरुण माणसाला खोली द्यायला गावात कुणी राजी नव्हतं. सुभेदार राजी होते, कारण त्यांच्याकडे दुसरं कुणी टिकत नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन मुंबईला. फौजेतून पेन्शन घेऊन आलेला हा साठीचा माणूस उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा. आपलं आपण रांधून खायचा आणि उरलेल्या वेळात रागवायचा.

कशावर नाही रागवायचा? आगबोट उशिरा आली म्हणून. वेळेवर आली तर काल का नाही आली म्हणून. शेजारी कोलंबी तळली की त्या वासावर. त्यांच्या धर्मात कोलंबी चालत नव्हती आणि रेवदंड्यात कोलंबीखेरीज दुसरं काही शिजतच नाही, अशी त्यांची खात्री होती. माझ्यावर तर रोजच. मी भात फार वेळ चावतो. मी चालताना जमिनीकडे बघतो. मी "बघू" म्हणतो. "बघू म्हणजे काय रे मास्तर? हो म्हण, नाही तर नाही म्हण. मधल्यामध्ये लटकतोस कशाला?" पोरांनी त्यांच्या फाटकावर दगड मारला तर ते पोरांना काही बोलत नसत, माझ्या खोलीपाशी येऊन मला झापत. मास्तर तू आहेस, पोरं तुझी.

हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. सुभेदारांचा राग कायम वर चढायचा. शेट, पोस्टमास्तर, मामलेदार, मी, आणि आठवड्यातले सहा दिवस परमेश्वर. टोपली घेऊन दारात आलेल्या कोळणीवर, वाडीत नारळ पाडायला आलेल्या गड्यावर त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. त्यांच्याशी ते बोलत तेव्हा कुणी परका माणूस बोलतोय असं वाटे.

त्यांची एकच मिजास होती, ती डाव्या दंडावर. ओळख झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच त्यांनी बाही वर केली आणि मला व्रण दाखवले. "हा प्लेगचा. हा टायफॉइडचा. हा कशाचा ते डॉक्टरलासुद्धा धड माहीत नव्हतं." पुण्याला पलटणीत असताना एक गोरा डॉक्टर नवी लस घेऊन आला. कर्नलनं सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, लस नवी आहे, माणसांवर फारशी करून पाहिलेली नाही, गुण येईल किंवा त्रास होईल, हा हुकूम नाही. ज्याला यायचं असेल त्यानं एक पाऊल पुढे टाकावं. रांग हलली नाही. सुभेदार तेव्हा साधे शिपाई, त्यांनी पाऊल टाकलं.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली की! मूर्ख आहेस का? हात भोपळ्यासारखा सुजला, तापानं फणफणलो."

"मग टाकलंत कशाला?"

त्यांनी बाही खाली ओढली, बटण लावलं. "कर्नलनं विचारलं म्हणून. फौजेत मला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं. ऊठ म्हटलं की उठायचं, झाड म्हटलं की गोळी झाडायची. त्या दिवशी तो गोरा म्हणाला, येतोस का? नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. म्हणून हो म्हटलं."

त्यानंतर जिथे म्हणून नवी लस, नवं औषध येई, तिथे हे आपले पुढे. मोठ्या लढाईत इराकात बसऱ्याला होते तिथेही. लोक शौर्याच्या गोष्टी सांगतात तशा ते टोचून घेतल्याच्या गोष्टी सांगत. गावाला त्या पाठ झाल्या होत्या. मागे टिंगलही चालायची.

स्वतःच्या अंगावर करून बघायची ही खोड पुढे पेन्शनीतही गेली नाही. चौलच्या जत्रेत एकदा एक वैदू विंचवाचं औषध विकत बसला होता. सुभेदार म्हणाले, दाखव. तो म्हणाला, साहेब, इथे विंचू कुठला? सुभेदार उठले, जवळच्या गडग्यातले दगड उलथून एक काळा विंचू काढला, नांगीला आपलं बोट लावलं आणि ते बोट वैदूपुढे धरलं. "आता लाव." वैदूनं लावलं, आणि सुभेदार डोळे मिटून कळ सोसत होते तेवढ्यात गाठोडं उचलून पसार झाला. ते दिवसभर हात दाबून कण्हत होते. कण्हता कण्हता ज्या शिव्या देत होते त्यांतली विंचवाला एकही नव्हती. विंचू जीवघेणा तांबडा निघाला असता, तर ही हकिकत इथेच संपली असती.

हसण्यासारखा माणूस होता. मीही हसलो. पुढे जे घडलं त्यानंतर मात्र मला त्या दंडाच्या गोष्टीवर हसता आलेलं नाही.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि हिवताप उसळला. आमच्याकडे तो दरवर्षीचाच. वाड्यांमधल्या विहिरी, पन्हळी, साचलेलं पाणी, डासांना काही कमी नाही. पण त्या साली डोंगराखालच्या कातकरी वाडीत घरटी माणूस अंथरुणावर होतं. तिथले लोक शेटच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये कामाला येत. गडी येईनात तसा शेट अस्वस्थ झाला, आणि त्याच्या ओळखीनं मुंबईहून एक डॉक्टर आला.

डॉक्टर पस्तिशीचा, गोरापान, गोड बोलणारा. कुणाला अरे-तुरे करायचा नाही. पोरांना पेपरमिंटच्या गोळ्या वाटायचा. वाईट माणूस दिसत नव्हता, आणि हेच मला आजही सहन होत नाही. त्याच्याकडे हिवतापावरचं नवं औषध होतं, थेट जर्मनीचं. क्विनीननं ताप जातो पण पुन्हा येतो. हे औषध त्याचं मूळच उपटून काढील, अशी आशा होती. आशाच, ते अजून पुरतं पारखलेलं नव्हतं. त्यासाठीच तो आला होता.

शाळेच्या पडवीत सभा भरली. डॉक्टरनं सगळं नीट समजावून सांगितलं. काही जणांना नवी गोळी मिळेल, काही जणांना नुसती पिठाची. दिसायला दोन्ही सारख्या. कुणाला कुठली ते घेणाऱ्याला कळणार नाही, म्हणजे औषधाचा खरा गुण उघड होईल. गावातून कुणी स्वखुशीनं पुढे येईल का? गावातले प्रतिष्ठित लोक एकमेकांकडे बघू लागले. शेट टाळ्या वाजवून मोकळा झाला होता. तो काही उठला नाही.

सुभेदार उठले. मोठा कार्यक्रमच झाला तो. खुर्ची मागे सारली, कोट ओढून सरळ केला आणि सगळ्यांदेखत एक पाऊल पुढे टाकलं. "मला बसऱ्याहून आणलेला हिवताप आहे," ते म्हणाले. "दर दोन महिन्यांनी येतो. मी घेईन." डॉक्टरनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. घरी येताना सुभेदार मला कशावरूनही बोलले नाहीत. वार शनिवार नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी शाळेच्या पडवीत रांग लागे. शेटच्या वाड्यांमधले कातकरी गडी, आणि सर्वांत पुढे हातात पितळी लोटा घेतलेले सुभेदार. टेबलावर दोन डबे, एकाचं झाकण निळं, एकाचं पांढरं. डॉक्टरचा कंपाउंडर नाव विचारी आणि या नाही तर त्या डब्यातून गोळ्या काढून तळहातावर ठेवी. सुभेदार गोळी तोंडात टाकत, पाण्याचा घोट घेत आणि तोंड उघडून दाखवत. जीभसुद्धा बाहेर काढून. मागच्या माणसांना हसू येई.

मागे उभा असायचा तो नाग्या. तिशीचा, काटक, माडावर खारीसारखा चढणारा गडी. एक दिवस सुभेदारांनी मान वळवून त्याला सहज विचारलं, "काय रे नाग्या, तुला काय सांगितलं डॉक्टरनं?"

"काय सांगायचं सायेब? शेटनं धाडलं."

"औषध नवं आहे, त्रास होईल, हे सांगितलं का?"

"न्हाय."

"नको असेल तर नाही म्हण, हे?"

नाग्या हसला. त्याला तो विनोद वाटला असावा.

सुभेदार तडक टेबलापाशी गेले. त्यांचा आवाज वर्गापर्यंत आला. माझी पोरं पाढे म्हणायची थांबली.

"यांना विचारलं नाही तुम्ही?"

"सुभेदारसाहेब," डॉक्टर शांतपणे म्हणाला, "त्यांना काय समजणार? शेटची परवानगी आहे."

"शेटची? अंग शेटचं आहे का ते?"

"त्यांच्याच भल्यासाठी आहे हो हे सगळं."

"मग सांगा की त्यांना त्यांचं भलं! माझं भलं मला सांगितलंत, सभा भरवून!"

डॉक्टरनं मान हलवली आणि कंपाउंडरला काम चालू ठेवायला सांगितलं. तेव्हा सुभेदारांनी जे डॉक्टरनं करायचं ते स्वतः सुरू केलं. रांगेच्या बाजूनं चालत एकेकाला सांगत सुटले. औषध नवं आहे. गुण येईल, कदाचित बाधेल. घ्यायचं नसेल तर घरी जा. त्या सकाळी अर्धी रांग घरी गेली. दुसऱ्या सकाळी सगळे परत हजर. शेटच्या कारकुनानं निरोप धाडला होता: जो गोळी घेणार नाही त्याला वाडीत काम नाही. सुभेदारांनी हे ऐकलं आणि शेटच्या फाटकापाशी उभं राहून भर बाजाराच्या वेळी असं काही ऐकवलं, की शेटच्या घरच्या बायकांनी खिडक्या लावून घेतल्या. उपयोग शून्य. शेट आत बसून सुपारी कातरत होता.

सुभेदारांनी स्वतः गोळी घेणं मात्र सोडलं नाही. मी त्यांना म्हटलंही, एवढा राग आहे तर तुम्ही तरी थांबा. ते उखडले. "मी शब्द दिलाय! आणि काही बाधलं तर या लोकांबरोबर मला बाधेल. त्यांच्यापुढे उभा आहे मी." मधे एकदा त्यांना ताप भरला, दातखीळ बसेपर्यंत थंडी वाजली, आणि पांघरुणातून ते मला सांगत होते, "औषध झुंजतंय, मास्तर. आतमध्ये झुंजतंय."

काही दिवसांनी नाग्या रांगेत दिसला नाही. त्याचे ओठ निळे पडले होते, लघवी काळ्या चहासारखी होत होती. कातकरी वाडीतून त्याला झोळीत घालून आणलं. डॉक्टरनं तपासलं, इंजेक्शन दिलं, आणि ताप डोक्यात गेला असं म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी नाग्या मेला. डॉक्टरनं हळहळ व्यक्त केली आणि रांग पुढे चालू ठेवली. आणखी दोघांचे ओठ काळवंडले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी नाग्याची बायको जानी सुभेदारांच्या अंगणात आली. रडत नव्हती. अंगणाच्या कडेला उभी राहिली, आत आली नाही. सुभेदार ओटीवरून खाली उतरले.

"सायेब, तुमी बी तीच गोळी खाता ना?"

"हो."

"मंग तुमाला कायच कसं झालं न्हाय?"

सुभेदारांनी आपल्या ओठांवरून बोट फिरवलं.

"तो खायाला तयार न्हवता," जानी म्हणाली. "शेटनं काम काडलं आसतं तर आमी डोंगरात ग्येलो आसतो, लाकडं इकली आसती. मी त्याला बोल्ली, चल, जाऊ. तर बोल्ला, सुभेदार खातो. म्होरं हुबा ऱ्हाऊन खातो, त्वांड उगडून दाकवतो. मंग बरीच आसंल. तुमाला बगून खाल्ली त्यानं."

ती गेली. सुभेदारांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल." डॉक्टर उतरला होता त्या डाकबंगल्यापर्यंत ते माझ्यापुढे झपाझप चालत गेले.

डॉक्टर चहा घेत होता. सुभेदारांनी जानीचा प्रश्न जसाच्या तसा त्याच्यापुढे ठेवला. मला काहीच कसं झालं नाही?

डॉक्टरनं कप खाली ठेवला. त्याला खोटं बोलायची गरज वाटली नाही, हे मला विसरता येत नाही. त्याच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. "सुभेदारसाहेब, आपल्याला पिठाची गोळी होती. पहिल्या दिवसापासून. आपल्यासारखा सरकारी पेन्शनर, मानाचा माणूस. काही झालं असतं तर मला वर जबाब द्यावा लागला असता. आणि आपली मदत काय थोडी झाली? आपण पुढे उभे राहिलात म्हणून या लोकांचा विश्वास बसला. नाहीतर हे लोक टिकतच नाहीत हो."

हे तो कौतुकानं बोलला. आभार मानल्यासारखं.

मला वाटलं, सुभेदार त्याला मारतील. मला स्वतःला मारावंसं वाटलं, मी ज्यानं उभ्या जन्मात शाळेतल्या पोरावर हात उचलला नाही. सुभेदार फक्त उभे होते. दोन्ही हात बाजूला, हजेरीला उभे राहतात तसे. मग वळले आणि बाहेर पडले. खाडीच्या बाजूनं येताना एका जागी थांबले. धक्क्यावर एक म्हातारा कोळी गळाला किडा लावत होता. सुभेदार त्याच्याकडे बघत राहिले.

"मला गळाला लावला, मास्तर," ते म्हणाले. "तोंड उघडून दाखवत होतो मी."

दुसऱ्या सकाळी ते शाळेत आले ते फौजेच्या गणवेशात, छातीवर पदकं लावून. गणवेश अंगावर सैल झाला होता. रांगेत उभे राहिले नाहीत, टेबलापाशी गेले आणि डॉक्टरला म्हणाले, "थर्मामीटर लाव." डॉक्टर गोंधळला. "लाव म्हणतो ना! सगळ्यांसमोर लाव." त्यानं लावला. ताप नव्हता. "मोठ्यानं सांग." डॉक्टरनं सांगितलं. मग सुभेदारांनी, ज्यातून त्यांना कधीच गोळी मिळाली नव्हती तो निळ्या झाकणाचा डबा उचलला, नाग्याला देत तेवढ्या गोळ्या तळहातावर मोजल्या आणि गिळल्या.

"नाग्या तापानं मेला म्हणतोस. मला आज ताप नाही. आता बघ."

डॉक्टर उठून उभा राहिला. "हा वेडेपणा आहे! आपलं वय काय, प्रकृती काय! मला हे चालणार नाही."

"का? विज्ञान आहे ना?" सुभेदार गरजले. "मी स्वखुशीनं घेतो. सहीसुद्धा करून देतो. तुला माणूसच हवा होता ना? हा बघ माणूस!"

रोज सकाळी ते येत, थर्मामीटर लावून घेत, गोळ्या घेत. डॉक्टरनं डबा कुलपात घातला तेव्हा पाचसहा कातकरी गड्यांनी आपापल्या वाट्याच्या गोळ्या न गिळता गालात धरून बाहेर आणल्या आणि सुभेदारांच्या हातावर ठेवल्या. सुभेदार हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पाहिलं. त्या धुवून घेतल्या त्यांनी.

आठवडा उलटायच्या आत त्यांचे ओठ जांभळे झाले. मग निळे. पोटात पिळा पडू लागला, दोन पावलं चाललं की धाप लागे. लघवी काळी. मी पाया पडलो त्यांच्या, आता पुरे म्हणून. त्यांनी मला गणवेश काढून द्यायला सांगितलं. मी तो त्यांच्या अंगावर चढवला. माझ्या खांद्यावर हात टाकून ते बाजारात आले आणि किराणा दुकानाच्या फळीवर बसले, भर सकाळी, सगळं गाव येतं-जातं तेव्हा. जो येईल त्याला थांबवून म्हणत, "माझं तोंड बघ. बघ नीट. ताप नाही मला, हात लावून बघ. नाग्याचं असंच होतं." बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. नाग्याला झोळीतून नेला तेव्हा याच रस्त्यानं नेला होता. तेव्हा कुणी वाकून पाहिलं नव्हतं.

मग सगळं झटपट झालं. पोस्टमास्तरनं अलिबागला तार केली. मामलेदार स्वतः आला. सुभेदारांना तपासायला सिव्हिल सर्जन आला. फौजेचा सुभेदार, पदकं असलेला, औषधानं निळा पडलाय, म्हणजे काय! प्रयोग बंद झाला, डबे गेले, डॉक्टर पुढच्या आगबोटीनं मुंबईला गेला. त्याचं काही वाकडं झालं नाही. मामलेदारानं जबाब घेतले ते सुभेदारांच्या प्रकृतीबद्दल. नाग्याचं नाव मी सांगितलं, दोनदा सांगितलं. "तो तापाचा होता ना?" मामलेदार म्हणाला, आणि पुढचं विचारू लागला.

सुभेदार वाचले. महिनाभर अंथरुणावर होते. इस्रायल आळीत त्यांच्यासाठी मलिदा झाला, भिजल्या पोह्यांत गूळ-खोबरं घालून लोकांनी प्रार्थना म्हटली, प्रसाद घरी आणून दिला. त्यांनी तो भिंतीकडे तोंड करून खाल्ला. "माझ्यामुळे थांबलं, मास्तर," ते म्हणाले. "माझ्यामुळे. एक माणूस मेला त्यानं थांबलं नाही. माझे ओठ निळे झाले, त्यानं थांबलं." मी म्हटलं, थांबलं हे तर खरं? त्यांनी ताट बाजूला सारलं. "तू ना मास्तर, बघूच म्हणत राहा जन्मभर."

आणि मग गावाला लाज वाटायची सोडून अभिमान वाटला. शाळेच्या पटांगणात सुभेदारांचा सत्कार ठरला. अध्यक्ष कोण, तर शेट! मी हेडमास्तरांशी भांडलो. ते म्हणाले, मांडव त्यांचा आहे, काय करणार? शेटनं भाषण केलं. त्याग, विज्ञान, स्वेच्छा, सगळे शब्द आले. सुभेदारांच्या खांद्यावर शाल घातली. ते काठी टेकत उठले. लोकांना वाटलं, आता पलटणीची गोष्ट येणार, दंड उघडा होणार.

"मला विचारलं," सुभेदार म्हणाले, "आणि खोटी गोळी दिली. नाग्याला विचारलं नाही, त्याला खरी दिली. तो मेला. सत्कार माझा."

एवढंच. ते मांडवातून चालत बाहेर निघाले. कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही कळेना. दोघातिघांनी वाजवल्या आणि थांबवल्या. मी त्यांच्या मागे धावलो. मला वाटलं, घरी जातील. ते डोंगराच्या वाटेला लागले होते. ते अंतर त्यांना त्या प्रकृतीत झेपणारं नव्हतं. दर थोड्या वेळानं आम्ही बांधावर बसत होतो. वाटेत त्यांनी शाल काढून माझ्याकडे दिली. ती मी शाळेच्या दारात टाकून आलो, पण ते दुसऱ्या दिवशी.

जानी झोपडीपुढे वरी पाखडत होती. आम्हाला पाहून थांबली नाही.

"जाने," सुभेदार म्हणाले, "तू विचारलं होतंस, मला काही कसं झालं नाही. माझी गोळी पिठाची होती. औषध नव्हतंच तिच्यात."

सूप थांबलं.

"तुमाला ठाव व्हतं?"

"नाही. मला नंतर कळलं."

"म्हंजी तुमाला बी फशिवलं."

"हो."

तिनं थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांचा रंग अजून पुरता परतला नव्हता.

"पर तुमी जित्ते हाव," ती म्हणाली.

त्यात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं. राग असता तर सुभेदारांना त्याच्याशी काय करायचं ते ठाऊक होतं. ते काठी आडवी ठेवून तिथेच मातीत खाली बसले, पदकांचा कोट, स्वच्छ लेंगा, सगळ्यासकट. जानीनं त्यांना बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही. तिनं सूप पुन्हा हातात घेतलं, आणि वाऱ्यानं उडालेला कोंडा त्यांच्या अंगावर येऊन बसू लागला.